कोठाराच्या दाराबाहेर

डिसेंबर लागला की माझ्या दुकानात मावळे येतात. सगळे चौथीच्या आतले. आया त्यांना हाताला धरून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत आणतात, मी त्यांच्या कमरेला शेला आवळते, ओठावर कापसाची मिशी चिकटवते आणि आरशासमोर उभं करते. एखादा मिशीला घाबरून रडतो. एखादा तलवार हातात मिळाली की घरी जायचं नाव काढत नाही. शाळांची गॅदरिंगं, साखर कारखान्यांचा हंगाम आणि पन्हाळ्यावरची शूटिंगं, हे तिन्ही आमच्याकडे बरोबरच सुरू होतं. संध्याकाळी वारा पडला की शहरभर मळीचा आंबूस-गोड वास उतरतो. लोकांना त्या वासानं गूळ आठवतो, हुरडा आठवतो, सुगीचे पाहुणे आठवतात. मला धुरानं भरलेलं एक कोठार आठवतं.

सहा वर्षं झाली. भीती जुनी झाली की बोथट होते असं मी समजत होते. तसं काही होत नाही. ती वर्षभर कपाटातल्या लोकरीच्या कपड्यांसारखी घडी घालून पडून राहते आणि थंडी पडली की आपण न बोलावता अंगावर येते.

मी भाड्यानं कपडे देते. झाशीची राणी, भाजीवाली, वासुदेव, पोलीस, डॉक्टर, सगळं माझ्याकडे मिळतं. त्या वर्षी एक दिवस बापू दुकानात आला. बापू म्हणजे आमच्या भागातला कोऑर्डिनेटर. मुंबईहून मालिकेचं युनिट आलं की त्यांना माणसं, घोडे, बैलगाड्या, जेवण, जे लागेल ते पुरवणारा. आडदांड माणूस, पण कुणाशी बोलताना सारखा पुढं वाकायचा.

“ताराताई, इतिहासाची मालिका हाय. गडावर पंधरा दिवस काम हाय. बायकांच्या कपड्यांवर नजर ठेवायला कोणतरी पायजे. मुंबईच्या पोरींना नऊवारी कुठं नेसवता येतीय?”

मी लगेच हो म्हटलं. कापसाच्या मिशा चिकटवून कंटाळले होते.

गडावरचे ते पहिले दिवस आठवले की आजही हसू येतं. तीन दरवाज्यापासून सज्जा कोठीपर्यंत शाळेच्या सहलीत मी दहादा फिरले असेन, पण शूटिंगवाल्यांनी हात फिरवल्यावर तोच गड ओळखू येईना. माहितीच्या पाट्यांवर गोणपाट चढलं. विजेच्या खांबाला गवत गुंडाळून त्याचं झाड केलं. मक्याची कणसं भाजणाऱ्या मावशींना निळी छत्री मिटायला लावली. एक सरदार भरजरी अंगरख्यात कट्ट्यावर बसून वडापाव खात होता आणि सहलीला आलेली मुलं त्याला “मुजरा महाराज” म्हणून पुढं पळत होती. सकाळी दरीतून धुकं वर यायचं, त्यात भाल्यांची टोकं तेवढी दिसायची. क्षणभर खरंच वाटायचं, की आपणच चुकून पुढच्या काळात जन्मलो आणि आता परत आलो.

माझं काम सोपं होतं. जे त्या काळातलं नाही, ते बाईच्या अंगावर दिसता कामा नये. घड्याळ काढायचं, चष्मा काढायचा, नखांचा रंग पुसायचा. मंगळसूत्रातले प्लॅस्टिकचे मणी पदराआड ढकलायचे. मोबाईल एका टोपलीत गोळा करायचे. दोन दिवसांत माझी नजर इतकी तयार झाली, की पन्नास बायकांच्या घोळक्यातली एक सेफ्टी पिन मला लांबून चमकताना दिसायची. दिग्दर्शक एकदा म्हणाले, “ताराताई, तुमच्यामुळे आम्ही वाचतो.” मी दिवसभर त्या वाक्यावर तरंगत होते.

आणि मग मी आईला घेऊन गेले.

आई मूळची हुपरीची, चांदीकामाच्या गावची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही तिचं आयुष्य पैंजणांच्या घुंगरांना डाग देण्यात गेलं. घरातलीच एक खोली म्हणजे कारखाना. फुंकणीनं ज्योत वळवायची आणि एकेक घुंगरू साखळीला चिकटवायचं. त्या धुरानं आणि तेजाबाच्या वाफेनं तिची छाती कायमची धरली. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यासोबत एक ट्रंक होती आणि श्वासाचा पंप होता. संध्याकाळी ती न चुकता ऐतिहासिक मालिका बघायची. राजमाता पडद्यावर आल्या की नकळत पदर सावरायची.

“मलाबी न्हे की गं एकदा,” ती म्हणाली. “लांबनं दिसली तरी चालंल. हुपरीत सांगाय हुतंय.”

त्या दिवशीचा प्रसंग असा होता. शत्रूचं सैन्य गावात घुसतं. गावातल्या बायका धान्याच्या कोठारात लपतात. शत्रू बाहेरून दाराला ओंडका लावतात आणि दारापुढं गवत पेटवतात. आतून किंकाळ्या येतात. मग नायक येतो, पण तो भाग दुसऱ्या दिवशी घ्यायचा होता. त्या दिवशी फक्त किंकाळ्या.

कोठार तटाला लागून होतं. मोठ्या अंबारखान्यासारखं नव्हे. लहान, बसकं, बिनपाटीचं. पर्यटक त्याच्याकडे बघतही नाहीत. दगडी कमान, वर एक झरोका आणि छताला धान्य ओतायचं भोक. त्याला दार नव्हतंच. सेटिंगवाल्यांनी चांगल्या जाड फळ्यांचं दार करून बसवलं होतं, लोखंडी आकडे लावून. छताच्या भोकातून उन्हाचा झोत आत पडत होता आणि दाराच्या फटीतून तो कॅमेऱ्यात दिसत होता, म्हणून त्यांनी त्यावर काळं कापड ताणून बांधलं. झरोक्याबाहेर दोन घमेल्यांत निखारे, त्यावर राळ आणि काथ्या. पंख्यानं तो धूर आत सोडायचा, म्हणजे फटींतून बाहेर येताना खरा वाटेल.

एकेक गोष्ट वेगळी बघितली तर त्यात वावगं काहीच नव्हतं. मी या सगळ्यावर शेकडो वेळा विचार केलाय. कापड बांधणाऱ्याला धुराचं माहीत नव्हतं, धूर करणाऱ्याला कापडाचं माहीत नव्हतं. आत कॅमेरा नव्हता, त्यामुळे युनिटचं कुणीच आत नव्हतं. फक्त एक माईक होता, छतापाशी टांगलेला.

बापूला मी म्हटलं, “आईची छाती नाजूक आहे.”

“पाच मिन्टाचा सीन हाय, ताई. काळजी करू नगा. म्हातारीला दाराजवळ हुभी करतो.”

बायका तीस होत्या. बऱ्याचशा गडाखालच्या वाड्यांतल्या. त्यांच्यात सिंधूताई म्हणून एक होती, घरी चार म्हशी असलेली, दूध डेअरीला घालून शूटिंगला आलेली. तिचा आवाज असा की दरीपलीकडची म्हैस वळावी. आई तिला अक्का म्हणायला लागली आणि पाच मिनिटांत दोघींनी एकमेकींची गुडघेदुखी वाटून घेतली.

मी रांगेनं सगळ्यांवर नजर फिरवत निघाले. कुणाच्या कानातली नवी फुलं काढली, कुणाच्या पायातली चप्पल. आईपाशी आले. कमरेला, लुगड्याच्या ओच्यात, काहीतरी फुगीर दिसत होतं.

“हे काय?”

“पंप हाय गं माजा.”

“आई, तो निळा रंग लांबून दिसतो. दे इकडे. मी बाहेरच उभी आहे, हाक मार, लगेच आणून देते.”

तिनं निमूटपणे काढून दिला. माझं काम होतं ना ते. मी पंप टोपलीत टाकला, मोबाईलांच्या ढिगावर.

दार लागलं. ओंडका आकड्यांत बसला. गवत पेटलं. गॅसच्या नळीनं ज्वाळा हवी तेवढी ठेवता येत होती, त्यामुळे आगीची भीती कुणालाच नव्हती. शत्रूच्या सरदाराचं काम करणारा नट घोड्यावरून हसत होता आणि खरंच छान हसत होता. आतून हाका सुरू झाल्या. सकाळी सहायकानं बायकांना शिकवलं होतं काय ओरडायचं ते. दार उघडा. वाचवा. मेलो. देवा, धाव रे.

सुरुवातीला हाका विस्कळीत होत्या, लाजत मारल्यासारख्या. मग त्या चढल्या. फळ्यांवर हात आपटायला लागले. कुणीतरी नखांनी फळी खरवडत होतं. दिग्दर्शक मॉनिटरसमोर पुढं झुकले, त्यांनी हातानं खूण केली, चालू ठेवा. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, या बायकांना काय जमतंय! घरी भाकऱ्या थापून आलेल्या बायका, आणि काय हा आवाज.

त्या गलक्यात आईचा आवाज मला वेगळा ओळखू आला.

“तारे... तारे, दार उघड गं!”

आणि मी हसले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी गालात हसले. मला वाटलं, आई बघा कशी, भूमिकेत शिरली आणि लेकीचंच नाव घेतलं. शेजारी उभ्या असलेल्या मेकअपच्या मुलीला मी कोपरानं ढोसून म्हटलं, “ती माझी आई.” अभिमानानं म्हटलं. टोपली माझ्या कमरेवर होती. पंप त्यात होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. नंतर लोक सात-आठ मिनिटं म्हणाले. नट घोडा फिरवून परत येत होता, नव्यानं हसत होता, प्रसंग रंगत चालला होता आणि कुणालाच तो तोडावा असं वाटत नव्हतं. मग हळूहळू आईचा आवाज येईना. इतरांचे येत होते. मला वाटलं, दमली असेल.

आणि मग त्या सगळ्या “वाचवा”, “मेलो”च्या वर चढून एक आवाज फुटला. सिंधूताईचा.

“ॲम्ब्युलन्स! आरं ॲम्ब्युलन्स बोलवा! ॲम्ब्युलन्स!”

कानाला हेडफोन लावलेला साउंडचा माणूस वैतागला. “अरे, ॲम्ब्युलन्स कोण बोललं?” तो मागे वळून म्हणाला. “सगळा टेक गेला.”

एक-दोघं हसलेसुद्धा. आणि त्याच क्षणी माझ्या आत काहीतरी तुटलं. इतके दिवस तयार झालेल्या माझ्या नजरेसारखेच कानही तयार झाले होते बहुतेक. त्या काळातला नसलेला तो एक शब्द मला सेफ्टी पिनेसारखा टोचला, आणि त्याच्या मागोमाग आधीच्या सगळ्या हाकांचा अर्थ एकदम अंगावर कोसळला.

मी टोपली टाकून पळाले. ज्वाळा दारासमोर होत्या. मी ओरडले, काय ओरडले आठवत नाही. बापू माझ्याआधी पोचला. त्यानं आगीतूनच पाय टाकून ओंडक्याला लाथ घातली. ओंडका निघेना, फुगला होता की आकडे वाकले होते कोण जाणे. दुसरी लाथ, तिसरी. शत्रूचे चार सैनिक भाले टाकून धावत आले आणि सगळ्यांनी मिळून तो उचकटला. दार उघडलं तसा धूर लोळासारखा बाहेर आला आणि त्या धुरातून बायका गुडघ्यांवर, हातांवर, एकमेकींना तुडवत बाहेर पडल्या. काळ्या नाकपुड्या. लाल डोळे. कुणाला धड खोकताही येत नव्हतं.

आई त्यांच्यात नव्हती. ती आत होती, दाराच्या अगदी पाठीमागे, भिंतीला टेकून बसलेली. तिचे ओठ जांभळे पडले होते. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत होते, पण मी दिसतेय असं त्यात काही नव्हतं.

बापूनं तिला उचललं. मी मातीत पसरलेल्या मोबाईलांमध्ये पंप शोधत होते. तीन वेळा तो हातात येऊन निसटला.

गडावरच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि लगेच कोल्हापूरला हलवायला सांगितलं. घाट उतरताना पुढं उसाच्या ट्रॉल्या होत्या. एक नव्हे, सात-आठ, एकामागं एक, डोंगराएवढ्या लादलेल्या, स्पीकरवर गाणी लावून डुलत चाललेल्या. गाडीवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. बापू खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून ओरडत होता, “ओ पावणं, बाजूला घ्या! पेशंट हाय! म्हातारी हाय आत!” मी आईचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तो आवाज येत होता तोवर मला धीर होता. दोन आवाजांमधलं अंतर वाढलं की मी वाकून तिच्या तोंडाशी कान न्यायची. त्या रस्त्यावर मी देवाकडे काही मागितलं नाही. मी फक्त मोजत होते. एक, दोन, तीन, मग शिट्टी. एक, दोन, तीन, चार, मग शिट्टी.

आई वाचली. आठ दिवस दवाखान्यात होती. इतर बायकांपैकी तिघींना दोन दिवस ठेवून घेतलं, बाकीच्या त्याच संध्याकाळी घरी गेल्या. सिंधूताई तिसऱ्या दिवशी आईला भेटायला आली, हातात दुधाची बाटली. तिचा आवाज बसून घोगरा झाला होता.

“तुम्हाला तो शब्द कसा सुचला?” मी विचारलं.

“सुचला न्हाय बाई. लई ओरडलो आमी. दार उघडा म्हनलं, मेलो म्हनलं, वाचवा म्हनलं. हिकडं तुजी आई खाली बसली. मग माज्या ध्येनात आलं, आगं, सकाळी ह्येच तर शिकिवलंय आमाला! ह्यास्नी वाटतंय आमी बरूबर म्हनतोय.” ती खोकली. “मग म्हनलं, चुकीचं कायतरी म्हनाय पायजे.”

दिग्दर्शकही आले होते. वाईट माणूस नव्हता. खुर्चीच्या कडेला बसून त्यांनी हात जोडले. “आजी, मला खरंच वाटलं...” आई मास्क बाजूला करून म्हणाली, “काम बरं झालं का माजं?”

त्यांनी मान हलवली आणि उठून बाहेर गेले. व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते.

घरी आल्यावर आईनं न्हाणीघराची कडी लावायची सोडली. मग ती भर दुपारी दार उघडं टाकून झोपायला लागली. गल्लीतली मांजरं घरात यायची, फेरीवाले थेट ओट्यापर्यंत डोकावायचे. मी दार पुढं लोटलं तरी ती झोपेतून उठून बसायची. आणि माझं म्हणाल तर, शेजारच्या घरात कुणी जोरात हसलं तरी मी हातातलं काम टाकून जिन्यात जाऊन उभी राहायची. हसतंय की ओरडतंय, हे नक्की कळेपर्यंत तिथून हलायची नाही. मुलं खेळताना किंचाळतात, तो आवाज तर सगळ्यात वाईट.

तो भाग महिन्याभरानं लागला. बापू म्हणाला होता, तो आवाज वापरणार नाहीत, मुंबईला नव्यानं भरून घेतील. गल्लीतल्या बायका आमच्या घरी जमल्या, आईला बघायला. मीही बसले. मला वाटलं होतं, दुसऱ्याच कुणाच्या किंकाळ्या असतील, त्यांच्यावर थोडंफार संगीत असेल, संपून जाईल.

दार लागलं. गवत पेटलं. सरदार हसला. आणि आमच्या खोलीत आईचा आवाज आला.

“तारे... तारे, दार उघड गं!”

त्यांनी ॲम्ब्युलन्स कापली होती. माझं नाव ठेवलं होतं. माझं नाव त्या काळातही चाललं असतं ना. ते खटकण्यासारखं नव्हतं.

“आगं बया, काय ॲक्टिंग केलीया म्हातारीनं!” शेजारीण म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रिमोट शोधत होते, बंद करायला. आईनं माझं मनगट धरलं.

“बंद करू नगो. आवाज तेवढा घालीव,” ती म्हणाली. “बघायचं हाय मला. ऐकायचं न्हाय.”

मग ते सगळं मुक्यानं चाललं. धूर, घोडा, उघडझाप करणारी तोंडं. टाळ्या थांबल्या. बायका एकेक करून उठून गेल्या.

तक्रार का केली नाहीस, असं मला नंतर दोघा-तिघांनी विचारलं. मी म्हणायची, आई बरी झाली ना, जाऊ दे. खरं कारण ते नव्हतं. तक्रार करायची म्हणजे पहिल्यापासून सांगायला लागलं असतं, आणि पहिल्यापासून सांगायचं म्हणजे निळ्या पंपापाशी आणि माझ्या हसण्यापाशी यावं लागलं असतं.

त्यानंतर मी एकदा भाच्यांना घेऊन गडावर गेले होते. गाईड सांगत होता, इथं वेढा पडला, इथं उपासमार झाली, इथं बायकामुलं लपली. दर वेळी ऐकलेलं. पूर्वी हे ऐकताना मला घोडे दिसायचे, मशाली दिसायच्या, मालिकेसारखंच सगळं. त्या दिवशी पहिल्यांदा मला ऐकू आलं. खरोखर कधीतरी, कुठल्यातरी अशाच बिनपाटीच्या कोठारात, खऱ्या बायका असतील. त्यांनीही हेच शब्द वापरले असतील. दुसरे शब्द आहेत कुठं? आम्ही निदान चुकीचं काहीतरी ओरडून सुटलो. त्यांना ओरडायला चुकीचं असं काहीच नव्हतं. बाहेर उभ्या असलेल्यांना त्यांचा शब्द न् शब्द नीट कळत होता, आणि तरीही दार उघडलं नाही. मी भाच्यांचे हात इतके घट्ट धरले की धाकटी कळवळली.

या वर्षी बापू पुन्हा आला. आता त्याचे केस पिकलेत आणि उजव्या पोटरीवर भाजल्याचा डाग आहे. दारातच घुटमळला.

“नवी मालिका हाय, ताई. युनिट नवं हाय, सगळी पोरं-पोरी. सीन...” तो जमिनीकडे बघत म्हणाला, “सीन तसलाच हाय. कोठाराचा. मी त्यांना सगळं सांगितलंय. पर तुमी असला तर मला जरा...”

मी नाही म्हणाले. आतल्या खोलीतून आईनं ऐकलं.

“जा की,” ती म्हणाली. “तू न्हाय गेलीस तर दुसरी कोणतरी जाईल. तिला काय ठावं?”

म्हणून गेले. गेल्या आठवड्यात, सकाळच्या उन्हात. कोठार तेच. हात लावला तर दगड गार होते. आत गेले, वर बघितलं. छताचं भोक उघडं होतं, त्यातून आभाळाचा तुकडा दिसत होता. ते उघडंच राहील हे मी दिग्दर्शिकेकडून वदवून घेतलं. पोरगी लहान होती, सत्तावीस-अठ्ठावीसची, पण ऐकून घेणारी. धुराचं घमेलं नको, फक्त यंत्र, तेही बाहेर. आत युनिटची एक मुलगी बसेल. प्रत्येकीची औषधं प्रत्येकीच्या ओच्यात; दिसली तर दिसली. आणि एक शब्द ठरवायचा, तो आतून आला की त्या क्षणी सगळं थांबायचं. बायकांनी त्यावर बराच दंगा केला. मोबाईल, एसटी, वॉशिंग मशीन. शेवटी ‘टेम्पो’ ठरला, कारण त्या टेम्पोतून आल्या होत्या. सगळ्या खिदळत आत गेल्या.

दार लागलं. ओंडका बसला. मी बाहेर उभी राहिले, कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला.

हाका सुरू झाल्या. मी कान देऊन ऐकत होते. टेम्पो नाही. हाका चढल्या. फळ्यांवर हात आपटले. टेम्पो नाही. म्हणजे सगळं ठीक आहे, मी मनाशी म्हटलं, ठीक असेल म्हणूनच कुणी म्हणत नाही. पण एखादीला शब्द आठवला नाही तर? श्वासच पुरला नाही तर शब्द कुठून येणार? एक बारीक आवाज मघाशी येत होता, तो आता येत नव्हता. दमली असेल. दमलीच असेल. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. दिग्दर्शिका मॉनिटरकडे झुकली होती आणि तिचा चेहरा उजळला होता. बापू माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

आमच्यापैकी आधी कोण निघालं मला सांगता येणार नाही. मला एवढंच आठवतं, की मी कॅमेऱ्यासमोरून, पेटलेल्या गवताला वळसा घालून, निळा पंजाबी ड्रेस घातलेली बाई, त्या काळातल्या दारापाशी पोचले होते. ओंडक्याचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं बापूच्या. या वेळी तो सहज निघाला.

दार उघडलं. आत ऊन होतं. बायका मोकळ्या हवेत उभ्या होत्या, हात वर, तोंडं उघडी, आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. कुणाला काही झालं नव्हतं. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं.

“काय झालं गं बाई?” तिनं विचारलं. “आमी तर काय म्हनलं न्हाय.”

“नाही,” मी म्हटलं. मी उंबऱ्यावर बसले. “तुम्ही काही म्हणाला नाहीत.”

मागून दिग्दर्शिका चिडून काहीतरी विचारत होती. ती म्हातारी माझ्याजवळ आली आणि माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसली.